हातकागद व्यवसायातील पर्यावरणपूरकता : जुन्नर, वर्धा आणि पुणे यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

चित्रकार, पुस्तकबांधणी करणारे, शुभेच्छापत्रे व निमंत्रणपत्रिका तयार करणारे आणि शाळा-महाविद्यालयांतील हस्तकलेचे विद्यार्थी ज्या साहित्याची नित्य खरेदी करतात, त्यात हातकागदाचे स्थान महत्त्वाचे आहे. हा कागद झाड न तोडता, सुती चिंध्यांपासून बनविला जातो. म्हणून तो 'पर्यावरणपूरक' होय, असे त्याच्या विक्रेत्यांकडून आवर्जून सांगितले जाते. अलीकडच्या काळात महाविद्यालयांतही प्रमाणपत्रे, सन्मानपत्रे आणि चर्चासत्रांच्या फाइल्स हातकागदाच्या असाव्यात असा कल दिसतो व त्यामागे हीच समजूत असते.

ही समजूत चुकीची नाही. मात्र ती अपुरी आहे. कागद कशापासून बनला एवढ्यावरून त्याचा व्यवसाय पर्यावरणपूरक ठरत नाही. त्यासाठी कोणते पाणी वापरले, कोणती रसायने मिसळली, माल किती दूर गेला आणि तो कागद किती वर्षे टिकला, हे प्रश्नही विचारावे लागतात. या प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत. आज पर्यावरणाच्या दृष्टीने अनुकरणीय वाटणाऱ्या काही पद्धती पूर्वी निव्वळ काटकसरीतून आल्या होत्या. पुढे त्यांना तत्त्वाचे रूप मिळाले आणि त्यानंतर त्या विक्रीचे वैशिष्ट्य बनल्या. काटकसर, तत्त्व आणि विक्रीचे वैशिष्ट्य या तीन अवस्थांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) महाराष्ट्रातील पारंपरिक कागदनिर्मितीत निसर्गाशी सुसंगत अशा कोणत्या पद्धती होत्या, हे पाहणे.
२) अखिल भारत ग्रामोद्योग संघ आणि पुण्याची हातकागद संस्था यांनी या पद्धतींना दिलेले वैचारिक व व्यावसायिक अधिष्ठान तपासणे.
३) निर्यातप्रधान काळात या व्यवसायाच्या पर्यावरणपूरकतेत झालेल्या बदलांची कारणमीमांसा करणे.

हातकागदाची पर्यावरणपूरकता त्याच्या कच्च्या मालाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, ग्राहकाच्या मागणीवर अवलंबून राहिली आहे, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

जुन्नरी कागद : काटकसरीची परंपरा

दख्खनमधील कागदनिर्मितीचा संबंध परंपरेने दौलताबादशी जोडला जातो. महंमद तुघलकाने इ. स. १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली. तिच्याबरोबर कागद बनविणारे कारागीरही दक्षिणेत आले, अशी समजूत आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव आपल्या नावातच या व्यवसायाची स्मृती जपून आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा हाही त्याच इतिहासाचा अवशेष होय. कुकडी नदीच्या काठी वसलेल्या जुन्नर येथील कागद तर इतका प्रसिद्ध होता की 'जुन्नरी' हे विशेषण कागदाच्या जातीचे नाव बनले. पेशवे दफ्तरातील मोडी कागदपत्रांच्या अभ्यासकांस जुन्नरी, दौलताबादी व अहमदाबादी ही नावे परिचित आहेत.

या कागदासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे एका अर्थाने समाजाने टाकून दिलेला माल होता. जुने दोरखंड, फाटकी गोणपाटे, सन व अंबाडीच्या वस्तूंचे तुकडे आणि चिंध्या गोळा केल्या जात. त्यांचे बारीक तुकडे करून ते पाण्यात भिजवीत. त्यात चुना व सज्जीखार मिसळून ते मुरत ठेवीत आणि नंतर पायाने चालविल्या जाणाऱ्या लाकडी ढेकीखाली कुटीत. कुटलेला लगदा पुन:पुन्हा धुऊन पाण्याच्या हौदात सोडला जाई. गवताच्या काड्यांची बारीक चटई बसविलेली चौकट हौदात बुडवून कारागीर एकेक ताव उचलीत असे. ओले ताव दाबून त्यांतील पाणी काढले जाई आणि मग ते गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळविले जात. वाळलेल्या तावास खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटले की तो लेखनास योग्य होई. 'घोटीव कागद' हा शब्दप्रयोग या अखेरच्या क्रियेवरून आला आहे.

या पद्धतीत इंधनाचा उपयोग अत्यल्प होता. कुटण्याचे काम मनुष्यबळाने आणि वाळविण्याचे काम उन्हा-वाऱ्याने होई. वापरलेली द्रव्ये म्हणजे चुना, खार आणि धान्याची खळ ही परिसरातच उपलब्ध असत. चुन्याचे पाणी नदीत जात असे हे खरे. तथापि उत्पादनाचे प्रमाण लहान व कारखाने विखुरलेले असल्याने नदीस ते सोसवत होते. या कारागिरांनी पर्यावरणाच्या विचाराने ही पद्धत स्वीकारली होती असे म्हणणे मात्र अनैतिहासिक ठरेल. कच्चा माल विकत घेणे परवडत नव्हते, म्हणून टाकाऊ वस्तू वापरल्या गेल्या. भट्टी पेटविणे महाग होते, म्हणून ऊन वापरले गेले. येथे निसर्गाशी असलेली सुसंगती हे काटकसरीचे फलित होते.

याबरोबर एक दुसरी बाबही ध्यानात घ्यावी लागते. या कागदाचा मोठा ग्राहक दफ्तर हा होता. दफ्तरास शुभ्र कागद नको होता. शाई न फुटणारा, घडी घातली तरी न तुटणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा कागद त्यास हवा होता. जुन्नरी कागदाचा रंग मळकट पिवळसर असे, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. लांब व चिवट तंतू, खळीचे आवरण आणि काजळाची शाई या तिहींमुळे पुण्याच्या पुराभिलेखागारातील अठराव्या शतकाची कागदपत्रे आजही हाताळता येतात. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला लाकडाच्या लगद्याचा आणि राळ-तुरटीची प्रक्रिया केलेला गिरणीचा कागद आम्लधर्मी असल्याने पन्नास-शंभर वर्षांत पिवळा पडून तुटू लागतो. जी वस्तू पुन:पुन्हा बनवावी लागत नाही, तिचा निसर्गावरील भारही कमी असतो. या अर्थाने टिकाऊपणा हाच जुन्नरी कागदाचा सर्वांत मोठा पर्यावरणीय गुण मानता येईल आणि तो गुण ग्राहकाच्या गरजेतून जोपासला गेला होता.

ग्राहकाचा लोप : वसाहतकालीन स्थित्यंतर

एकोणिसाव्या शतकात कागदी कारागिरांचा व्यवसाय खालावला. यंत्रोत्पादित कागद स्वस्त होता, हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण आहे. परंतु केवळ यंत्राच्या स्पर्धेने हा ऱ्हास स्पष्ट होत नाही. जॉर्ज वॉट यांनी भारतातील व्यापारी उत्पादनांवरील आपल्या १९०८ च्या ग्रंथात एक महत्त्वाची नोंद केली आहे. सर चार्ल्स वुड भारतमंत्री असताना, म्हणजे १८५९ ते १८६६ या काळात, हिंदुस्थान सरकारला लागणारा कागद ब्रिटनमधून खरेदी करावा असा आदेश निघाला. त्यामुळे वाढीस लागलेल्या देशी उत्पादनास मोठा धक्का बसला. सरकार हा कागदाचा सर्वांत मोठा ग्राहक होता. त्याने पाठ फिरविल्यावर कारागिरांकडे उरली ती व्यापाऱ्यांच्या वह्यांची व किरकोळ वापराची मागणी. त्याच सुमारास तुरुंगांत कैद्यांकडून हातकागद बनवून घेतला जाऊ लागला. मजुरीचा खर्च नसलेल्या या मालाशी स्वतंत्र कारागीर स्पर्धा करू शकत नव्हता.

पुढे देशातच कागद गिरण्या उभ्या राहिल्या. बंगालमध्ये बाली व टिटागड, उत्तरेस लखनौ आणि पुण्याजवळ मुंढवा ही त्यांपैकी प्रमुख ठिकाणे होत. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने जिल्ह्यातील हातकागद व्यवसायाची नोंद घेतली ती तो उतरणीस लागलेला असताना. या काळात कारागिरांचे तंत्र बदलले नव्हते, चिंध्या संपल्या नव्हत्या आणि नदीही आटली नव्हती. बदलला तो ग्राहक. ग्राहकाबरोबर कागदाविषयीची अभिरुचीही बदलली. पांढराशुभ्र, एकसारखा, यंत्राने दाबलेला ताव हे चांगल्या कागदाचे लक्षण मानले जाऊ लागले आणि मळकट देशी कागद मागासलेपणाची खूण ठरला. शुभ्रतेचा हा आग्रह पुढील इतिहासात पुन:पुन्हा भेटतो.

मगनवाडी : काटकसरीचे तत्त्वात रूपांतर

मुंबई येथील काँग्रेस अधिवेशनाच्या ठरावानुसार डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची वर्धा येथे स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व वास्तू या कार्यास दिली आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस 'मगनवाडी' हे नाव देण्यात आले. संघाचे अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, तर कार्यवाह जे. सी. कुमारप्पा (१८९२-१९६०) होते. कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थशास्त्राचा अभ्यास केलेल्या कुमारप्पांनी ग्रामोद्योगांना दयाबुद्धीच्या कक्षेतून बाहेर काढून अर्थशास्त्राच्या कक्षेत आणले.

मगनवाडीत तेलघाणी, मधमाशीपालन, गूळ, साबण यांबरोबर हातकागदाचे प्रयोग व प्रशिक्षण चाले. चिंध्या, रद्दी, सन, गवत अशा निरनिराळ्या द्रव्यांचा लगदा करून पाहिला जाई. के. बी. जोशी यांनी कुटिरोद्योग म्हणून कागदनिर्मिती कशी करावी याचे मार्गदर्शन करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले व ते संघाने प्रसिद्ध केले. संघाची अनेक प्रकाशने हातकागदावरच छापली जात. ग्रामोद्योगाचा प्रचार करणारी संस्था स्वतः ग्रामोद्योगाची ग्राहकही असली पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

या कार्यास सैद्धांतिक आधार मिळाला तो कुमारप्पांच्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या १९४५ च्या ग्रंथातून. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या या ग्रंथास गांधीजींची प्रस्तावना आहे. निसर्गातील व्यवहारांच्या निरीक्षणावरून कुमारप्पांनी अर्थव्यवस्थांचे परोपजीवी, लुटारू, उद्यमशील, सामूहिक आणि सेवाप्रधान असे पाच प्रकार कल्पिले. त्यांच्या लेखनातील आणखी एक भेद येथे विशेष उपयुक्त आहे. कोळसा, खनिज तेल, धातू यांसारख्या साठ्यांवर चालणारी अर्थव्यवस्था एके दिवशी संपणारी असते. जी पुनःपुन्हा निर्माण होणाऱ्या प्रवाहावर चालते, ती टिकते. पहिलीत साठ्याच्या मालकीसाठी संघर्ष अटळ असतो आणि म्हणून कुमारप्पांच्या मते निसर्गाचा विचार व अहिंसेचा विचार हे वेगळे करता येत नाहीत.

या दृष्टीने पाहता चिंधी हा साठा नसून प्रवाह होय. शेतातील कापूस वस्त्र होतो, वस्त्र जीर्ण होते आणि जीर्ण वस्त्राचा कागद होतो. जुन्नरच्या कारागिराने गरजेपोटी जे केले, तेच येथे विचारपूर्वक स्वीकारलेले तत्त्व बनले. रामचंद्र गुहा यांच्यासारख्या इतिहासकारांनी कुमारप्पांना भारतीय पर्यावरणविचाराच्या पूर्वसूरींत स्थान दिले आहे. वेणू माधव गोविंदू व दीपक मलघन यांच्या २०१६ च्या 'द वेब ऑफ फ्रीडम' या ग्रंथाने त्यांच्या अर्थविचाराची सविस्तर मांडणी केली आहे.

मगनवाडीच्या प्रयोगास ग्राहक कोण मिळाला, हेही पाहिले पाहिजे. खादी वापरणारा, राष्ट्रीय चळवळीशी निगडित असलेला वाचक आणि कार्यकर्ता हा त्याचा ग्राहक होता. खादीचा खडबडीतपणा ज्याने अभिमानाने अंगावर घेतला, त्याने कागदाचा करडेपणाही स्वीकारला. शुभ्रतेचा आग्रह काही काळ बाजूस ठेवला गेला, तो तंत्रातील सुधारणेमुळे नव्हे, तर ग्राहकाच्या नैतिक भूमिकेमुळे. याच गोष्टीत या प्रयोगाची मर्यादाही होती. चळवळीचा भर ओसरल्यावर हा ग्राहक टिकणे कठीण होते.

पुण्याची हातकागद संस्था : तत्त्वाकडून व्यवसायाकडे

गांधीजींच्या प्रेरणेने १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्थेची स्थापना झाली. तिच्या उभारणीत के. बी. जोशी यांचा प्रमुख वाटा होता. शिवाजीनगर भागात संस्थेजवळून जाणाऱ्या मार्गास त्यांचे नाव देण्यात आले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कागदटंचाईने देशी कागदाची गरज अधिक जाणवू लागली होती. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या खादी व ग्रामोद्योग आयोग अधिनियमात हातकागदाचा ग्रामोद्योग म्हणून समावेश झाला. महाराष्ट्रात ही संस्था राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या अखत्यारीत आली.

या संस्थेने एका महत्त्वाच्या प्रश्नास व्यवहारातून उत्तर शोधले. रोजच्या लेखन-मुद्रणात हातकागद गिरणीच्या कागदाशी किंमतीत स्पर्धा करू शकत नाही. मग त्याने कोणत्या क्षेत्रात उभे राहावे? जेथे टिकाऊपणा, पोत व विशिष्ट गुण यांना मोल आहे, तेथे, हे त्याचे उत्तर होते. चित्रकलेचा जाड कागद, जलचिन्ह असलेला प्रमाणपत्रांचा कागद, पुस्तकबांधणीचा व सजावटीचा कागद, फाइल्स, पाकिटे, शुभेच्छापत्रे अशी उत्पादने पुढे आली. दफ्तराचा पुरवठादार असलेला हा व्यवसाय अशा रीतीने मुख्यतः कला व हस्तकला साहित्याचा पुरवठादार बनला.

उत्पादनपद्धतीतही बदल झाले. होजिअरी व शिवणकामाच्या कारखान्यांतील सुती कातरण हा मुख्य कच्चा माल ठरला. ही कातरण न वापरलेल्या कापडाची असल्याने स्वच्छ असते. ढेकीची जागा सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये विकसित झालेल्या आणि आता विजेवर चालणाऱ्या होलँडर बीटरने घेतली. ताव उचलण्याचे काम मात्र हातानेच राहिले. या कच्च्या मालाचा रासायनिक लाभ लक्षणीय आहे. लाकडात साधारणपणे २० ते ३० टक्के लिग्निन असते. ते काढण्यासाठी तीव्र रसायने, उष्णता व दाब यांचा उपयोग करावा लागतो आणि त्यातून काळा द्राव निर्माण होतो. कापूस हा नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असून त्यात लिग्निन जवळजवळ नसते. सुती चिंधीचा लगदा करण्यासाठी रसायनांची गरज मूलतःच कमी आहे. 'झाड वाचते' या घोषणेपेक्षा हे कारण अधिक वजनदार असूनही त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

बांबू आणि गिरणी : तुलनेचा एक संदर्भ

हातकागदाच्या या मार्गाचे मोल समजण्यासाठी त्याच काळातील दुसरा मार्ग पाहणे उद्बोधक ठरते. स्वातंत्र्योत्तर काळात कागद गिरण्यांना जंगलातील बांबू अत्यल्प दराने देण्यात आला. कर्नाटकातील दांडेली येथील गिरणीस १९५० च्या दशकात टनामागे दीड रुपया इतक्या नाममात्र दराने बांबू मिळाल्याचे माधव गाडगीळ यांनी दाखवून दिले आहे. बाजारातून बांबू विकत घेणाऱ्या बुरुडांना मोजावी लागणारी किंमत याच्या कितीतरी पट होती. महाराष्ट्रात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांवर बल्लारपूर येथील गिरणीची भिस्त राहिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने आपल्या जंगलातील बांबूवर हक्क सांगितला. २००९ मध्ये गावास सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

ज्या समाजाच्या घरातील टोपली बांबूची होती, त्याच्याकडून कच्चा माल काढून घेऊन गिरणीचा कागद स्वस्त करण्यात आला. स्वस्त कागदाच्या किंमतीत जंगलाची किंमत धरली गेली नव्हती. हातकागद महाग ठरला तो या सवलतीच्या तुलनेत. 'महाग' आणि 'स्वस्त' हे शब्द बाजाराइतकेच शासकीय धोरणाने ठरतात, हे चार्ल्स वुड यांच्या काळाप्रमाणे येथेही दिसते.

निर्यात, रंग आणि पाणी : विक्रीचे वैशिष्ट्य बनलेली पर्यावरणपूरकता

१९८० नंतर, विशेषतः १९९२ च्या रिओ येथील वसुंधरा परिषदेच्या आगेमागे, पाश्चात्त्य देशांत वृक्षविरहित कागदास मागणी वाढली. राजस्थानातील सांगानेर हे कागजी कारागिरांचे जुने केंद्र निर्यातीचे मोठे केंद्र बनले. १९९० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने तेथे राष्ट्रीय हातकागद संस्था उभारली आणि तिला कुमारप्पांचे नाव दिले. मगनवाडीचा विचार अशा प्रकारे नावाने तरी जागतिक बाजारपेठेपर्यंत पोहोचला.

या नव्या ग्राहकाने व्यवसायास जीवदान दिले, हे मान्यच केले पाहिजे. अनेक कारागीर कुटुंबे पिढीजात कौशल्यावर पुन्हा उभी राहिली. मात्र या ग्राहकाच्या मागण्या दफ्तराच्या किंवा खादीधारकाच्या मागण्यांहून निराळ्या होत्या. प्रत्येक हंगामात नवी रंगसंगती, प्रत्येक तावास तंतोतंत तीच छटा, भेटवस्तूंच्या वेष्टनासाठी चकचकीत पृष्ठभाग आणि छपाईसाठी निर्दोष शुभ्रता या त्याच्या अपेक्षा होत्या. रंगीत कातरणीतून ठरावीक छटा मिळवायची तर आधी तिचा रंग काढावा लागतो व मग नवा द्यावा लागतो. त्यासाठी कॉस्टिक सोडा, क्लोरीनयुक्त विरंजक आणि कृत्रिम रंग लागतात. ही द्रव्ये धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. राजस्थानसारख्या कमी पावसाच्या प्रदेशात हे पाणी कोठून येते व कोठे जाते, हा प्रश्न अधिकच गंभीर ठरतो. लगदा धुण्यासाठी पाणी जितके जास्त, तितका माल स्वच्छ. पण सांडपाणीही तितकेच जास्त.

कच्च्या मालाच्या स्वरूपातही बदल झाला. कृत्रिम धाग्यांच्या मिश्रणाचे कापड रूढ झाल्यापासून निखळ सुती कातरण वेगळी करणे कष्टाचे झाले आहे. पॉलिएस्टरचा तंतू लगद्यात मिसळत नाही, त्यामुळे निवड हातानेच करावी लागते. हे काम बहुधा स्त्रिया करतात. चिंध्या निवडताना व कापताना उडणारी कापसाची धूळ श्वसनसंस्थेस अपायकारक असते. 'पर्यावरण' या शब्दात कारखान्याच्या आतील हवेचाही समावेश होतो, हे येथे विसरून चालणार नाही. शिवाय सुती कातरण तिरुपूरसारख्या दूरच्या होजिअरी केंद्रांतून आणून, कागद बनवून, तो सातासमुद्रापार पाठविला जातो, तेव्हा कुमारप्पांच्या विचारातील परिसरनिष्ठ उत्पादनाचे सूत्र सुटलेले असते.

याचा अर्थ निर्यातप्रधान हातकागद गिरणीच्या कागदाइतकाच हानिकारक आहे असा नव्हे. त्यासाठी जंगल तोडले जात नाही, टाकाऊ द्रव्याचा उपयोग होतो आणि रोजगार अधिक मिळतो. पाण्याचा पुनर्वापर, क्लोरीनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड, विकरांचा उपयोग आणि केळीच्या खुंटासारख्या शेतीतील अवशेषांचा कच्चा माल हे उपायही उपलब्ध आहेत. तथापि 'हातकागद म्हणजे पर्यावरणपूरक' हे समीकरण आपोआप सिद्ध होत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

मूल्यमापन : चार कसोट्या

वरील विवेचनावरून हातकागद व्यवसायाची पर्यावरणपूरकता तपासण्यासाठी चार कसोट्या निश्चित करता येतात. पहिली कच्च्या मालाची, दुसरी पाणी व रसायनांची, तिसरी अंतराची आणि चौथी टिकाऊपणाची. जुन्नरी कागद चारही कसोट्यांवर बव्हंशी उतरतो, पण त्यामागे जाणीवपूर्वक विचार नव्हता. म्हणून ग्राहक जाताच त्याच्या बचावासाठी कोणताही युक्तिवाद उभा राहिला नाही. मगनवाडीने हा युक्तिवाद दिला, पण तिचा ग्राहक चळवळीपुरता मर्यादित राहिला. निर्यातप्रधान व्यवसायास मोठा ग्राहक मिळाला. तो पहिल्या कसोटीवर उतरतो, दुसरीवर बऱ्याचदा डळमळतो, तिसरीवर उतरत नाही आणि एकदा उघडून फेकल्या जाणाऱ्या वेष्टनाच्या बाबतीत चौथी कसोटी निरर्थकच होते. शंभर वर्षे टिकणारा कागद एका दिवसाच्या वापरासाठी बनविणे ही या व्यवसायातील मोठी विसंगती आहे.

पुण्याच्या हातकागद संस्थेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. चित्र, प्रमाणपत्र, दस्तऐवज व पुस्तकबांधणी यांसाठी लागणारा कागद हा टिकावा म्हणूनच घेतला जातो. तो जवळच्या बाजारपेठेत विकता येतो आणि त्यास हंगामी रंगांची आवश्यकता नसते. चारही कसोट्यांवर उतरण्याची शक्यता या क्षेत्रात सर्वाधिक आहे. मात्र अशा संस्था चालण्यासाठी सातत्याने मागणी करणारा ग्राहक हवा आणि येथे शासन, विद्यापीठे व महाविद्यालये यांची जबाबदारी सुरू होते.

शासनाने १९९१ मध्ये मातीच्या मडक्याचे चिन्ह असलेली 'इकोमार्क' योजना सुरू केली व तीत कागदाचाही समावेश केला. २०२४ मध्ये त्यासाठी नवे नियम करण्यात आले. अशा चिन्हांची उपयुक्तता नाकारता येत नाही. परंतु चिन्ह पाहून खरेदी करणारा ग्राहक आणि शुभ्रतेचा आग्रह न सोडणारा ग्राहक हा एकच असेल, तर उत्पादक नियमांच्या काठाकाठाने चालत राहील. किंचित करडा, छटेत थोडा फरक असलेला, विरंजन न केलेला ताव स्वीकारण्याची तयारी ग्राहकाने दाखविली, तर रसायनांचा मोठा भाग अनावश्यक ठरतो. ही सुधारणा कोणत्याही यंत्राविना आणि अनुदानाविना होऊ शकते.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रातील पारंपरिक कागदनिर्मिती टाकाऊ द्रव्ये, मनुष्यबळ व सूर्यप्रकाश यांवर आधारलेली होती. तिची निसर्गाशी असलेली सुसंगती काटकसरीतून आणि टिकाऊ कागद मागणाऱ्या दफ्तरांच्या गरजेतून निर्माण झाली होती.

२) एकोणिसाव्या शतकातील ऱ्हासास यंत्राइतकेच शासकीय खरेदीचे धोरण कारणीभूत होते. स्वातंत्र्योत्तर काळातही बांबूच्या सवलतीच्या दरांनी गिरणीच्या कागदास कृत्रिम स्वस्ताई मिळवून दिली.

३) अखिल भारत ग्रामोद्योग संघ आणि जे. सी. कुमारप्पा यांनी या व्यवसायातील काटकसरीस चिरस्थायी अर्थव्यवस्थेच्या तत्त्वाचे रूप दिले. पुण्याच्या हातकागद संस्थेने त्या तत्त्वास कला व हस्तकला साहित्याच्या पुरवठ्याचे व्यावहारिक क्षेत्र मिळवून दिले.

४) निर्यातप्रधान काळात पर्यावरणपूरकता हे विक्रीचे वैशिष्ट्य बनले, परंतु रंग व शुभ्रता यांच्या मागणीने पाणी व रसायनांचे नवे प्रश्न निर्माण केले.

५) या सर्व टप्प्यांवर निर्णायक ठरला तो ग्राहक. म्हणून हातकागद खरेदी करताना 'झाड वाचले का' या प्रश्नाबरोबर 'सांडपाणी कोठे गेले' आणि 'हा कागद किती वर्षे वापरला जाणार' हे प्रश्न विचारणे आवश्यक आहे. ज्या शैक्षणिक संस्था आपल्या पदव्या व प्रमाणपत्रे कागदावर देतात, त्यांनी हे प्रश्न विचारण्यास आरंभ केला, तर जुन्नरच्या कारागिराने गमावलेला ग्राहक काही अंशी तरी परत मिळू शकेल.